वरच्या डोंगराची चव

भाऊजींवर माझा संशय होता आणि मी तो लपवतही नव्हते. ‘वरचा डोंगर’ म्हणून विकलेली आमची कॉफी व्यापाऱ्याने परत पाठवली. यात नदीकाठचा हलका माल मिसळलाय म्हणे! पुन्हा असं झालं असतं, तर बाजारात आम्हाला कुत्र्यानेही विचारलं नसतं.

वरच्या डोंगराचा माल आमच्याकडे दोनच मळ्यांतून येतो. एक भाऊजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा. दुसरा माझ्या सख्ख्या भावाचा. भावाला मी कडेवर घेऊन वाढवलंय, त्याच्यावर कसली शंका घ्यायची! भाऊजी मात्र हल्ली सारखे नदीकाठी जायचे. विचारलं की म्हणायचे, “सहज.” बुटांना तिथली काळी माती, आणि म्हणे सहज!

“होऊन जाऊ दे परीक्षा,” मी दोघांना बोलावून सांगितलं. “ज्याची पोती खोटी निघतील, त्याने या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही. मग तो कोणी का असेना.” बोलताना मी भाऊजींकडेच बघत होते.

भट्टीवाल्या काकांनी दोघांचा माल भाजला, दळला, कप मांडले. प्रत्येक कपाखाली नावाची चिठ्ठी, पालथी. आमची रीत अशी, की आधी निकाल सांगायचा, मग चिठ्ठी उलटायची. आणि सांगितलेला निकाल फिरवायचा नाही.

पहिला कप. फुर्रकन चमचा ओढला. मोसंबी, मागून मध. वरचा डोंगर, शंभर नंबरी! दुसऱ्यातही मोसंबी होती, पण नावापुरती. मग जिभेवर तो जड, कोकोसारखा कडवटपणा बसला.

“हा बघा नदीकाठ! निम्मा तरी आहे.” मी चमचा आपटला. “उलटा चिठ्ठी.”

काका जागचे हलेनात. शेवटी मीच उलटली. भावाचं नाव होतं.

“ताई, यंदा पीकच कमी आलं गं,” भाऊ म्हणाला. “वाटलं, तू सांभाळून घेशील.”

भाऊजी खाली बघत होते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“नदीकाठी त्याची गाडी भरताना दिसली होती. खात्री करायला पुन्हा पुन्हा गेलो.”

“मग बोलला का नाहीत?”

“वहिनी, तुम्ही माझं ऐकलं असतं?”

नसतं ऐकलं. उलट त्यांनाच फाडून खाल्लं असतं. मला रडू फुटलं, लाजही वाटली.

“काका, याची पोती बाहेर काढा,” मी म्हटलं.

“ताई...”

मी उठले आणि त्याच्यासाठी दाराची कडी काढली.