गोलरक्षक सुम्बुलचा टोप

मी एक जुना टोप आहे. भात शिजवायचा नव्हे, डोक्यावर घालायचा. बर्फावरच्या हॉकीत गोल राखणारा खेळाडू घालतो तसा. समोर लोखंडी जाळी, हनुवटीखाली पट्टा. सगळे मला हेल्मेट म्हणतात. महाडजवळच्या नाते गावात, एका घरातल्या कपाटावर मी बसून असतो. बसून असतो म्हणायचं, पण मित्रांनो, मला स्वस्थ बसवत नाही. खाली अंगणात कुणी काही आपटलं तरी मी दचकतो. वाटतं, सामना सुरू झाला आणि मला न्यायचं राहून गेलं!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते दुबईतलं बर्फाचं मैदान. बाहेर रस्ते तापलेले आणि आत, एका मोठ्या इमारतीत, बारा महिने बर्फ. तिथे मला भाड्याने देत. दर तासाला नवं डोकं. ओळख होते न होते तोच पट्टा सुटायचा. खेळ संपला की आम्हाला पुसून वाळत ठेवायचं काम नाते गावच्या सईदचाचांकडे होतं. माझा रंग उडाला, नवे टोप आले आणि मला टाकून द्यायचं ठरलं, तेव्हा चाचांनी साहेबांना विचारून मला मागून घेतलं. सुट्टीवर येताना खजूर आणि साबणांच्या मध्ये कोंबून त्यांनी मला घरी आणलं.

त्यांची पुतणी सुम्बुल तेव्हा तेरा वर्षांची होती. महाडच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका सिमेंटच्या मैदानावर ती चाकांचे बूट घालून हॉकी खेळायची. तिथे अनुपमाताई शिकवायच्या. त्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. पहिली पाळी संपली की तशाच मैदानावर यायच्या. आपल्याकडे बर्फ कुठला? पण चाकांवर खेळून तयारी करता येते, असं त्या सांगायच्या. या खेळात चेंडू नसतो, पक असतो. पक म्हणजे जाड रबराची चकती. ती सुसाट येते आणि गोलरक्षकाने तिच्यासमोर उभं राहायचं.

सुम्बुलने मला डोक्यावर चढवलं, पट्टा ओढला आणि म्हणाली, "हा तर माझ्याच मापाचा हाय!" इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

सुम्बुल चपळ होती, पण तिच्या जिवाला शांतता नव्हती. पक दूरच्या टोकाला असला तरी तिचे दात एकमेकांवर वाजायचे. बाहेर कुणाला कळत नसे. मी मात्र सगळं ऐकायचो. गोल झाला की जाळीआड ती स्वतःला बोलायला लागायची. "गाढव हायस तू. तुला कुणी घेतलं? आता पुढचा पण जाणार. जाणारच." आणि तो जायचाच. जिल्ह्याच्या एका सामन्यात पहिला गोल झाल्यावर चार मिनिटांत आणखी तीन झाले. पहिला कुणालाच अडवता आला नसता. पुढचे तीन तिने सहज अडवले असते, पण तिचं मन त्या पहिल्यापाशीच अडकून राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी अनुपमाताईंनी तिला मैदानाच्या कठड्यावर बसवलं. शेजारी तिची धाकटी बहीण रिम्शा पाण्याची बाटली घेऊन बसली होती.

"जाळीमागे तुझे ओठ हलतात," ताई म्हणाल्या. "काय बोलतेस?"

"काय नाय, ताई."

"तेच आता रिम्शाला बोल. समज, कालचे गोल तिने खाल्लेत."

सुम्बुल बहिणीकडे वळली. "गाढ..." एवढंच म्हणाली आणि थांबली. आपलं खरंच काही चुकलं असं वाटून रिम्शाचा चेहरा उतरला होता.

"नाय बोलवत, ताई."

"मग स्वतःला कसं बोलवतं?"

सुम्बुलने रिम्शाला जवळ ओढलं. ताईंनी विचारलं, "तिला काय म्हणाली असतीस?"

"म्हणाली असते, गेला तर गेला गो. समोर बघ."

"मग तेच म्हण. आणि मोठ्याने. मला त्या टोकाला ऐकू आलं पाहिजे."

मित्रांनो, हे एका दिवसात जमलं असं समजू नका. कित्येकदा ती विसरायची. कित्येकदा "समोर बघ" ओरडून झाल्यावर हळूच "गाढव" पण म्हणायची. पण दोन वर्षांत ते हळूच म्हणणं कमी होत गेलं. गोल झाला की ती काठी खांबाला टेकवायची, लांब श्वास सोडायची. माझ्या जाळीवर त्या श्वासाची ऊब लागायची.

पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाखालच्या वाडीतून सारिका यायची. ती दुसरी गोलरक्षक. दोन एसट्या बदलून यायची आणि बहुतेक वेळ बाकावर बसायची. गेल्या हिवाळ्यात राज्याच्या मुलींच्या संघात दोघींची निवड झाली. अनुपमाताईंसोबत संघ हिमाचलात पोचला. सुम्बुलने बर्फावर पहिलं पाऊल टाकलं आणि धप्पकन बसली. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं.

तिसरा सामना जिंकला तर पुढची फेरी होती. एक-एक अशी बरोबरी होती. नऊ मिनिटं उरली होती. समोरच्या मुलीने अगदी जवळून फटका मारला आणि पक माझ्या कपाळावर आदळला. कानशिलापासून वरपर्यंत मी तडकलो. सुम्बुल गुडघ्यावर कोसळली आणि पुन्हा उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचांनी विचारलं तेव्हा तिने अंगठा वर केला.

मला मात्र तिचा श्वास ऐकू येत होता. तो तिचा नेहमीचा श्वास नव्हता. ती "समोर बघ, समोर बघ" म्हणत होती, पण शब्द एकमेकांत अडकत होते. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. माझ्यात तडा आहे, पोरी! आणखी एक फटका मी नाही झेलू शकणार!

टाळ्या अजून चालूच होत्या. खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत सुम्बुलने काठी वर केली आणि ती सरकत कठड्याकडे गेली.

"ताई, मला दोन-दोन पक दिसतायत."

अनुपमाताईंनी लगेच माझा पट्टा सोडला. "सारिका, ऊठ."

सारिका पांढरीफटक पडली. "मी? सुम्बुल, माज्याकडून नाय व्हायचा गो!"

"गेला तर गेला," सुम्बुल म्हणाली. तिला उभं राहवत नव्हतं.

सारिकाने सात फटके अडवले. आठवा शेवटच्या मिनिटात गेला. आम्ही हरलो.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूला धक्का बसलाय, आणखी एक मार बसला असता तर जिवावर बेतलं असतं. परतीच्या बसमध्ये मागून एक मुलगी म्हणाली, "नऊ मिनिटं कळ काढली असती तर जिंकलो असतो." सुम्बुलने खिडकीकडे तोंड फिरवलं. अनुपमाताई मागे वळून शांतपणे म्हणाल्या, "उभं राहणं सोपं होतं, बाळ. लोक टाळ्या वाजवत होते. उतरणं अवघड होतं."

दीड महिन्याने सुम्बुल पुन्हा खेळायला लागली. तिच्या डोक्यावर आता नवा, पांढरा टोप असतो. जाळीआड ती आता काय बोलते, मला कळत नाही. तिचा पाय अंगणात वाजला की माझा जीव वरखाली होतो.

गेल्या आठवड्यात घरात कुणी नसताना रिम्शा स्टुलावर चढली. तिने मला खाली काढलं, धूळ पुसली आणि डोक्यावर चढवलं. मित्रांनो, मला काय झालं म्हणून सांगू! पुन्हा एक ऊबदार डोकं, पुन्हा जाळीवर श्वास! ती काठी घेऊन दाराकडे निघाली. तिच्या प्रत्येक पावलागणिक माझा तडा करकरत होता आणि तरीही मला वाटत होतं, चल, चल लवकर!

दारातच सुम्बुल आली.

"काढ तो."

"आपा, एकदाच. जपून खेळीन ना."

सुम्बुल ओरडली नाही. तिने मला रिम्शाच्या डोक्यावरून काढलं आणि तिचं बोट धरून माझ्या तड्यावरून आतल्या बाजूने फिरवलं. रिम्शाने झटकन बोट मागे घेतलं. मग सुम्बुलने आपला पांढरा टोप तिच्या डोक्यावर ठेवला, कात्री आणली आणि माझा पट्टा दोन्ही बाजूंनी कापून टाकला.

मला फार लागलं. ज्या हातांनी तो पट्टा तीन वर्षं रोज आवळला, त्याच हातांनी कात्री चालवली. मग त्याच हातांनी मला पुन्हा कपाटावर जपून ठेवलं.

आजही मला खेळायचं आहे, हे मी लपवत नाही. तरी सांगतो, माझ्यासारखा तडकलेला टोप दिसला तर त्याच्यावर दया करू नका, त्याला डोक्यावर घेऊ नका. आणि डोक्याला मार बसला तर टाळ्या थांबायची वाट पाहू नका. काय होतंय ते लगेच सांगा. आम्ही टोप आतलं सगळं ऐकतो, पण आम्हाला बोलता येत नाही. ते तुम्हालाच बोलावं लागेल.