शिंपीकाकांची चार मिनिटांची गाणी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. सुरू केलं की आधी खोकतो, मग गातो. माझं एक बटण तुटलं, तिथे कोटाचं काळं बटण चिकटवलेलं आहे, कारण माझा मालक शिंपी होता.

कारखान्यात एका बाईने डोळ्याला भिंग लावून माझ्या आत दोन लहान तुकडे शेजारी शेजारी बसवले. पहिला जुना आवाज पुसतो, दुसरा नवा उमटवतो. हा क्रम माझ्याकडून कधी चुकला नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शनिवारी दुपारी रेडिओवर लोकांच्या आवडीची गाणी लागायची. शिंपीकाका मला रेडिओसमोर ठेवायचे आणि दुकानात कोणी ब्र काढायचा नाही. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक गाणं संपेपर्यंत हात वर करून तसंच उभं राहायचं.

रविवारी काका मला चर्चच्या मागच्या खोलीत न्यायचे. तिथे ते मुलांची रविवारची शाळा घ्यायचे. खडू लागलेल्या बोटाने मला मध्येच थांबवून विचारायचे, "हा गाणारा रडतोय कशाला?"

"ती सोडून गेली म्हणून."

"का गेली? दुसरं कडवं ऐका. आधी हाच खोटं बोललाय. मग आता याला सोडवणार कोण? याचा याला सुटेल का गुंता?"

मी थक्क व्हायचो. प्रेमाची, जुगाराची, घर सोडून गेलेल्यांची गाणी मी नुसती वाजवत होतो. हा माणूस मात्र त्या चार मिनिटांत पाप शोधायचा, पश्चात्ताप शोधायचा, आणि तारणाची, म्हणजे सोडवणाऱ्याची, जागा रिकामी दिसली की मुलांकडे बघायचा. मुलं येशूचं नाव घ्यायची ती पाठ केलेलं उत्तर म्हणून नाही, तर त्या गाणाऱ्याची खरंच काळजी वाटून. असा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

पण चर्चच्या मंडळीतले काहीजण नाकं मुरडू लागले. देवाच्या घरात सिनेमाची गाणी कशाला? वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे शेवटी पाळकबाईंवर सोपवलं. जुने पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वारले होते, तरी त्यांच्या पत्नीचा शब्द कोणी मोडत नसे. त्यांनी निरोप पाठवला, "रविवारी वर्गात येऊन बसते. ह्यांच्या शेवटच्या उपदेशाची कॅसेट तुझ्याकडे आहे, ती घेऊन ये."

निरोप ऐकून काकांनी दुकान लवकर बंद केलं. त्याचं कारण फक्त मला माहीत होतं.

कॅसेटच्या पाठीला दोन नाजूक पाकळ्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. उपदेशाच्या कॅसेटच्या पाकळ्या काकांनी स्वतः मोडल्या होत्या. पण जुन्या कॅसेटच्या भोकांवर चिकटपट्टी लावून त्या पुन्हा वापरायची त्यांना सवय होती. एका शनिवारी फार दिवस हवं असलेलं गाणं अचानक लागलं. घाईत हाताला येईल ती कॅसेट त्यांनी घेतली, पट्टी लावली आणि मला दिली. मी माझं काम केलं. गाणं संपल्यावर पाळकसाहेबांचा आवाज आला, तेव्हा काकांना कळलं, ही उपदेशाची कॅसेट होती. त्यानंतर वर्षभर ते कोणाला काही बोलले नाहीत.

पाळकबाई येणार त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, काकांनी त्या कॅसेटची फीत बोटाने बाहेर ओढली आणि कात्री उघडली. तुटली म्हणून सांगितलं की झालं. बराच वेळ कात्री तशीच उघडी राहिली. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, कॅसेटच्या चाकात घातली आणि फीत हळूहळू परत गुंडाळली.

रविवारी पाळकबाई पुढच्या बाकावर बसल्या. काकांनी तीच कॅसेट घातली आणि मी वाजू लागलो. गाण्यातला माणूस सगळं उधळून आपल्याच घरासमोर उभा होता. आत दिवा होता, पण त्याला फाटक ढकलवत नव्हतं.

"हा आत का जात नाही?" काकांनी विचारलं.

एक वेणीवाली मुलगी म्हणाली, "काय केलं ते सांगावं लागेल ना. म्हणून."

काकांनी मला थांबवलं नाही. गाणं संपलं, टक् असा आवाज झाला आणि पाळकसाहेब अर्ध्या वाक्यातून बोलू लागले, "...तर फाटक उघडायला तो स्वतः बाहेर येईल."

"बाई, याच्या आधीचं मी पुसलं," काका म्हणाले. "पुसलं ते चुकून. वर्षभर गप्प बसलो, ते चुकून नाही. वर्ग बंद करायचा असेल तर करा."

पाळकबाईंनी ते वाक्य पुन्हा लावायला सांगितलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पुसलंस त्याचं वाईट वाटलं. गप्प बसलास त्याचं जास्त वाटलं. पण माफ केलं तुला. आणि वर्ग बंद करून काय करू? हा गाण्यातला बिचारा बाहेरच राहील. बैस, पुढचं गाणं लाव."

काका बाकावर बसले आणि मुलांदेखत रडले. मुलांना त्या दिवशी तारण समजावून सांगावं लागलं नाही.

आता ती वेणीवाली मुलगी वर्ग घेते. गाणी ती फोनवर लावते आणि मी कपाटात असतो. मित्रांनो, कोणाच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याच्या आतला पुसणारा तुकडा कापसाने साफ करा. त्याच्यावर मळ साचला की जुना आवाज नीट पुसला जात नाही, नव्या गाण्याखाली कुजबुजत राहतो. काकांच्या मनात तो वर्षभर कुजबुजत होता. तुमच्याही मनात असं काही असेल, तर ज्याचं नुकसान केलंत त्याच्याकडे आजच जा.

ती कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. तिच्या भोकांवरची पट्टी काकांनी त्या रविवारीच सोलून काढली.