काईलीतून सांगली

"आता सांगतो ते कुणालाच पटायचं न्हाई," आकारामनं मंडईच्या तोंडाशीच जाहीर केलं, "पण काईलीत बसून सांगलीचा बाजार केलेला माणूस एकच, आन् त्यो तुमच्या म्होरं उभा हाय."

काईल म्हणजे गुळाची. उसाचा रस आटवायची, चार माणसं मांडी घालून बसतील एवढी कढई. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला आकारामचं गुऱ्हाळ होतं, आणि नदी फुगली की लोक काईलीची होडी करतात हे ऋषिराजलाही माहीत होतं. तरी तो हसला. लोणंदच्या कांद्याच्या आडतीवर वाढलेला पोरगा. बाजारात ऐकलेलं निम्मंच धरायचं, एवढं त्याला कळत होतं.

दोन आठवड्यांनी त्याचं दीपमालाशी लग्न होतं, त्याची हळद घ्यायला तो आला होता. दीपमाला म्हणजे आकारामच्या धाकट्या बहिणीची, साळूबाईची, एकुलती एक लेक. साळूबाई तीन वर्षांमागं गेली. सांगलीत नदीच्या अंगाची तिची खानावळ आता लेक चालवत होती. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि आकाराम सख्खा मामा. पत्रिका आली, पण 'मामा, तुमी उभं राहायचं' असा फोन काही आला नाही. चुलतमामा हंबीररावाला विचारलंय म्हणे, असं कुणीतरी कानावर घातलं. तेव्हा म्हातारा न बोलावता सकाळच्या एसटीनं येऊन थडकला होता. दीपमालानं तांब्या पुढं केला, "जेवायला वेळ हाय, पाव्हण्यांसंगं बाजार बघून या," म्हणाली आणि चुलीकडं वळली.

"मग? कुठवर आली काईल?" ऋषिराज वांगी निवडत होता. पांढऱ्या रेघांची, काटेरी देठाची, नदीकाठची.

"कऱ्हाडास्नं सोडली ती थेट सांगली. एकोणीस सालचा म्हापूर! सतरा वर्षं पलटणीचा लंगर, म्हंजी भटारखाना, सांभाळलाय म्या, तिथलं पुरुषभर उलथनं हुतं, त्येचंच वल्हं केलं. आन् हितं, बराबर हितं, वांगी पोहत हुती. हात खाली घातला की वांगं आपसूक मुठीत."

"कच्चंच खाल्लं?"

"आवं, मसाला म्होरच्या पेठंत भेटला की!"

गणपती पेठेत शिरलं तसा हळदीचा वास नाकात भरला. ऋषिराजनं हळकुंड मोडून पाहिलं. "हितलं पाणी पिवळंधमक," आकाराम सांगत होता. "माझं पाय काईलीभाईर. म्हैनाभर नवरदेवागत पिवळं हिंडलो." मारुती चौकात भडंगाच्या दुकानापाशी तर त्याला ऊतच आला. "चुरमुरा कवा बुडतो व्हय? पोतीच्या पोती तरंगत आली. मागनं एक मगर. बसली खात. लसूण-मिरची झोंबली तशी डोळं पुसत गेली बिचारी."

दुकानदार एवढा हसला की त्यानं पुडीत वरून आणखी एक मूठ टाकली. आकारामनं भडंग तोंडात टाकलं आणि त्याची नजर दुकानाच्या भिंतीवर गेली. तिथं दोन रेघा होत्या. खालची पाच सालच्या पुराची. वरची एकोणीसची, दोन हात उंच.

भडंग तोंडातच राहिलं.

त्या पुरात साळूचा फोन आला होता तो दुपारचा. "दादा, पाणी पायरीला लागलंय, येतोस का?" आणि तो छातीठोकपणे म्हणाला होता, "पाचच्या खुणंच्या वर किष्णामाई येत नसती. माळ्यावर बसा दोघी. दोन दिसांत उतरंल." सारा नदीकाठ तेच म्हणत होता. त्या खुणेवर लोकांनी सामान रचलं, गुरं बांधली, धान्याची पोती चढवली. संध्याकाळी खूण बुडाली आणि साळूचा फोन लागेना. आकाराम गावच्या वेशीपर्यंत चालत गेला, रस्त्यावर आलेलं पाणी बघितलं आणि माघारी आला. पोचला असता की नसता हा पुढचा भाग. निघायला हवं होतं. सहा वर्षं तो एक वाक्य घोकत होता: माझं चुकलं, दीपा. तेवढं म्हणावं, मग ती म्हणेल ते ऐकावं, यासाठी तर आला होता. पण तोंड उघडलं की काईल बाहेर पडायची.

"मामा, ठसका लागला का?"

"तिखट हाय जरा," आकाराम म्हणाला.

खानावळीत पोचले तेव्हा बाकं भरली होती. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. भरलं वांगं, खर्डा, दही अशी ताटं आली आणि ऋषिराजनं कौतुकानं आग लावली: "मामा, ते मगरीचं सांगा की ह्यांना!"

म्हाताऱ्यानं आतल्या दाराकडं पाहिलं. आवाज चालू होता. त्यानं मगर सांगितली. शेजारचा पोलीस ठसकला, कोपऱ्यातले दोन हमाल ताट उचलून जवळ येऊन बसले. मग काईल थांबेना.

"ह्याच दाराच्या चौकटीला काईल बांधली," आकाराम म्हणाला. "साळू माळ्यावर, पोरगी मांडीशी. म्हणलं, चल बया. तर म्हणती कशी, दादा, लांबनं आलास, आदी दोन घास खा. चूल माळ्यावर! तितंच तिनं भाकरी थापली. खाली पाणी घुमतंय, आन् मी आपला जेवतोय. तसली भाकरी पुन्ना न्हाई. मग दोघींस्नी काईलीत घातलं, आन्..."

कुणी हसलं नाही. ती भाकरी त्याला खरंच दिसत होती, तिच्यावरची पाच बोटं दिसत होती. थापण्याचा आवाज कधी थांबला, ते त्याला कळलं नाही.

दीपमाला दारात उभी होती. हात पिठाचे.

"माळ्यावर चूल न्हवती, मामा. दोन दिस भिजलेलं पोहं खाल्लं आमी. तिसऱ्या दिशी बोटवाल्यांनी काढलं." ती मोठ्यानं बोलत नव्हती, तरी बाकांवरचे हात थांबले. "आई मरंस्तवर म्हणायची, दादा आलाच असता, खुणंनं फशिवलं त्येला. मीबी त्येच धरून बसले हुते. हंबीरमामाला न्हाई म्हणून सांगितलं. म्हटलं, सख्खा येईल, एकदा तोंडानं चुकलं म्हणंल, मग त्यालाच उभा करीन पाठीशी."

"दीपा..."

"खोटं बोलताय तुमी. तुमी आलाच न्हवता."