उरलेला गुंडा

"ही लोकर कुणी आणली इथं?"

नुंत्सियानं टोमॅटोच्या वाफ्यात उभं राहून विचारलं. मेलबर्नच्या त्या परसात वर्षभराचा सॉस शिजवायला सगळं गणगोत जमलं होतं. मोठ्या पातेल्याखाली जाळ धडधडत होता.

"मी," तिचा नवरा सवेरिओ म्हणाला. "कपाटात कुजतच पडली होती. झाडं आडवी झाली होती, म्हणून लोकर तोडून काठ्यांना बांधली."

प्रत्येक काठीला लाल लोकरीची गाठ होती. सवेरिओचं बायकोच्या चेहऱ्याकडे लक्षच नव्हतं. लोकरीवरून त्याला इटली सोडतानाची बोट आठवली आणि दरवर्षीचा किस्सा सुरू झाला.

"निरोपाची रीतच होती ती, मेसिनाच्या धक्क्यावर सासूबाईंच्या हातात टोक, डेकवर हिच्या हातात गुंडा. बोट निघाली तरी ही आपली उलगडतेच आहे! मी चाकूनं कापली म्हणून बरं, नाहीतर म्हातारीला बोटीवरच ओढून घेतलं असतं हिनं!"

सगळे हसले. मुलगा रोक्को तर डोळे पुसत हसला. चाळीस वर्षं नुंत्सियाही या ठिकाणी हसत आली होती. आज तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"बाकीच्या बायकांचे गुंडे संपले, मग सुटली त्यांची टोकं," ती म्हणाली. "माझा अर्धा उरला होता, तोच हा. तुला जेवणाची घंटा ऐकू आली, म्हणून तू कापलीस. एवढी भूक लागली होती मेल्याला! दोन वर्षांत परत नेतो म्हणालास. आई गेली, तेव्हा तरी नेलंस?"

"अगं, लोकांसमोर काय हे..."

"लोकांसमोरच हसवतोस ना?"

ती एकेक गाठ सोडू लागली. झाडं लोळली, पिकले टोमॅटो मातीत फुटले. मधे पडायची कुणाची छाती झाली नाही. तुकड्याला तुकडा जोडत तिनं पुन्हा गुंडा केला आणि टोक सवेरिओच्या मुठीत कोंबलं.

"धर. सोडलंस तर बघ."

गुंडा उलगडत ती फाटकाबाहेर पडली. लोकर कुंपणाला घासत, शेजाऱ्याच्या मोटारीवरून सरकत राहिली.

सॉस करपल्याचा वास सुटला. "बाबा, टाका ते. पातेलं उतरवायला हात लावा," रोक्को म्हणाला.

"तूच उतरव."

सवेरिओ आता हसत नव्हता. मुठीतली लोकर ताठ झाली होती. गुंडा संपला होता, आणि रस्त्याच्या वळणापलीकडे नुंत्सियानं अजून टोक सोडलं नव्हतं.