कपाटामागचा गुलाबी

थंडी सरली तसा काकूंनी घर रंगवायचा हट्टच धरला. काका जन्मभर रंगारी, पण आता गुडघे कुरकुरायला लागलेले, म्हणून दुसरा रंगारी बोलावला. काका खुर्चीत बसून त्याच्या चुका काढत होते.

"भिंत आधी नीट घास. वरवरचं काम मला खपत नाही."

रंगाऱ्याने लोखंडी कपाट ओढलं. मागे लग्नाच्या वर्षीचा गुलाबी रंग होता, अगदी तजेलदार. दर खेपेला कपाट कोण हलवणार, म्हणून काका कडेकडेनेच ब्रश फिरवत आले होते.

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"गुलाबी टिकत नाही म्हणे! छत्तीस वर्षं पांढऱ्या भिंती बघतेय मी." त्या रंगाऱ्याकडे वळल्या. "सगळीकडे हाच द्या."

"ही छटा आता मिळत नाही, काकू."

काका खाली मान घालून म्हणाले, "पांढऱ्यात लाल, वर चमचाभर पिवळा. मी कालवून देतो."

"छत्तीस वर्षं कृती तेवढी टिकली!" म्हणत काकूंनी बादली त्यांच्यापुढे सरकवली.