बिनवासाचं घर

नवरदेवाच्या छातीचं माप घ्यायला टेपबाईने दोन्ही हात त्याच्या पाठीमागून फिरवले, तसं त्याने तोंड खिडकीकडे वळवलं आणि माप होईपर्यंत श्वास धरून ठेवला. हे तिला टेपवरच कळलं. श्वास धरलेली छाती दीड इंच जास्त भरते.

"श्वास सोडा, मग लिहिते," ती म्हणाली.

त्याने सोडला नाही. तिने मनातल्या मनात दीड इंच वजा केलं आणि आकडा लिहिला.

बावीस वर्षं ती त्या शिवणाच्या दुकानात होती. गळ्यात टेप, ओठात टाचण्या. ती माप घ्यायची, मास्तर कापड कापायचे, काजवाली काजं करायची. तिचं खरं नाव दुकानात कुणाच्या तोंडात नव्हतं.

दुपारी मालकीणबाईंनी तिला आत बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. बराच वेळ कापडाचे नमुनेच लावत राहिल्या.

"वय झालं की अंगाचा वास बदलतो गं. माझाही बदलला. पण मी दिवसभर लोकांना कवेत घेत नाही. तुला घ्यावं लागतं. बाजारातून एखादी चांगली बाटली का नाही आणत?"

"घरात चालत नाही बाई."

"पहिल्या तारखेपर्यंत बघ काहीतरी. नाहीतर मापाला मला दुसरी कुणी शोधावी लागेल. तुझ्यासारखा हात मिळायचा नाही, पण नाक प्रत्येकाला असतं."

घरात का चालत नाही, हे मालकीणबाईंना ठाऊक होतं. तिचा नवरा अठरा वर्षं फर्निचरला पॉलिश मारत होता, तोंडाला फडकंही न बांधता. फुप्फुसांची पार चाळण झाली. डॉक्टरांनी कागदावर ठळक लिहून दिलं होतं, घरात कसलाही सुगंध नको. तेव्हापासून साबण बिनवासाचा, पावडर बंद, देवाला फूलसुद्धा दाराबाहेरच. ती देवाला रोज विचारायची, तुला राग नाही ना आला. बाटलीही तिने एकदा करून पाहिली होती. दुकानात फवारायची, घरी निघताना नळावर धुवायची. वास ब्लाउजच्या शिवणीत लपून आला, आणि नवरा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोकत राहिला.

नणंद खालच्या मजल्यावर राहायची. दिवसभर फोनवर घरगुती उपाय बघायची. एकदा स्वतःच्या केसांना काहीतरी लावून ते हिरवट करून घेतले होते, तरी श्रद्धा ढळली नव्हती.

"वहिनी, बाजारातलं सगळं विष. निसर्गात काय नाही?"

"साप पण निसर्गातच आहे," खुर्चीतून तिचा दादा म्हणाला.

"तू गप रे. तुरटी आण वहिनी."

तुरटी ओली करून लावली. अकरा वाजेपर्यंत टिकली. मग पाणी घातलेलं व्हिनेगर. त्या दिवशी काजवालीने मान वर न करताच विचारलं, "टेपबाई, स्वतःला बरणीत घालून ठेवलंय का?" मग खाण्याचा सोडा आणि मक्याचं पीठ. याने मात्र तीन दिवस कमाल केली. चौथ्या दिवशी काखेत आग सुरू झाली. वास नाही ना, मग सोसू, असं म्हणून ती लावतच राहिली. नणंद म्हणाली, सोड्यावर लिंबू फिरव, उतारा पडतो. लिंबू फिरवल्यावर ती न्हाणीत भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. दोन दिवसांत कातडी सोलून निघाली.

आता हात वर होईना. कोपरं अंगाशी धरून माप घ्यायचं म्हणजे टेप मागे लोंबतो. एका नवरीचा ब्लाउज दोन बोटं ढगळ झाला. मास्तरांनी तो टेबलावर पसरला, चष्मा काढला.

"बाई, हे माप तुमचं?"

बावीस वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

पहिल्या तारखेला आठ दिवस उरले असताना नणंद स्टीलची डबी घेऊन वर आली. आत खोबरेल तेल, मेण, लवंगेचा अर्क आणि निलगिरीचं तेल घोटून केलेलं मलम होतं.

"याला वास येतोय की," टेपबाई म्हणाली.

"हा वास नव्हे वहिनी, हे औषध. सर्दी झाली की निलगिरीची वाफ घ्यायचो ना आपण? छाती मोकळी होते. दादाला झाला तर फायदाच होईल."

हे तिला पटलं. बाटलीतलं ते विष आणि झाडातलं ते औषध, असं त्या दोघींच्याच नव्हे, त्यांच्या आयांच्याही मनात लहानपणापासून होतं.

तरी तिने लगेच लावलं नाही. घराची एक रीत होती. साबण असो, चटई असो, नवी वस्तू आली की ती दिवसभर नवऱ्याच्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डॉक्टरांनी दिलेल्या नळीत जोराने फुंकायचा, नळीवरचा काटा जिथे थांबेल तो आकडा वहीत लिहायचा. एरवी दोनशेचाळीस यायचा. दोनशेच्या खाली गेला की वस्तू जिन्याखाली. असंच त्याने एकदा नणंदेच्या नव्या स्वेटरला घालवलं होतं, स्वेटरमधल्या नणंदेसकट.

डबी उघडून स्टुलावर ठेवली.

"कसं वाटतंय?"

"नाक माझं केव्हाच मेलंय. छाती म्हणशील तर ठीक आहे."

सकाळी ती पोळपाट धुवत होती तेव्हा त्याने नळीत फुंकलं. वहीत दोनशेचाळीस. दुसऱ्या दिवशी दोनशेचाळीस. तिसऱ्या दिवशी दोनशेपन्नास.

"बघ, वाढलाच," तो म्हणाला.

तिने देवापुढे हात जोडले, आणि जोडलेले हात बराच वेळ खाली घेतले नाहीत.

मलमाने कातडी भरून आली. वासही गेला. नवरदेव कोट घालून बघायला आला तेव्हा तिच्याशी तोंड करून उभा राहिला, लग्नाच्या गोष्टी बोलला. पहिली तारीख आली आणि गेली. मालकीणबाईंनी काही म्हटलं नाही, फक्त एक मोठ्या घरची नवरी मापाला आली तेव्हा बाकी सगळ्यांना सोडून तिलाच हाक मारली.

घरी नवऱ्याने खुर्ची गॅलरीत हलवली. उकडतंय म्हणाला. जिना उतरणं सोडलं. पायऱ्या मोजून कंटाळा आला म्हणाला. ती कामावरून येऊन जवळ बसायला गेली की त्याला काहीतरी आठवायचं. पाणी आण, चष्मा आण, दूध बघ उतू जातंय. तिला वाटलं, बसून बसून माणूस चिडचिडा होतो. तो रोज एकच प्रश्न विचारायचा.

"आज कुणी तोंड फिरवलं?"

"नाही."

"मग झालं तर."

डबी आल्यापासून सतराव्या दिवशी ती एका बाईच्या कमरेभोवती टेप धरून गुडघ्यावर बसली होती. दुकानातला फोन वाजला. काजवालीने उचलला, ऐकला, ठेवला आणि तिच्यापाशी येऊन खाली बसली.

"टेपबाई, ते राहू दे. दवाखान्यात जा. तुझी नणंद घेऊन गेलीय त्यांना."

वॉर्डाच्या दारातच नर्सने तिला अडवलं.

"तुम्ही अंगाला काय लावलंय?"

"घरी केलेलं आहे. नैसर्गिक."

"आधी ते धुऊन या. मग आत."

मेण पाण्याने निघत नाही. बेसिनवर गुलाबी साबण होता, त्याचा वास लांबूनच येत होता, तिने त्याला हात लावला नाही. रुमाल ओला करून घासत राहिली. नवी आलेली कातडी पुन्हा निघाली. मग दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून ती पलंगापासून चार पावलांवर उभी राहिली. त्याच्या तोंडावर मास्क होता. ओठांचा निळसर रंग मास्कमधूनही दिसत होता.

डॉक्टर तरुण मुलगी होती. नणंदेने धावपळीत आणलेली वही तिच्या हातात होती.

"हे आकडे कुणी लिहिलेत?"

"त्यांनीच."

"सतरा दिवस दोनशेचाळीस, दोनशेपन्नास. आज ही छाती नव्वद फुंकतेय. वहीतले सगळे खरे असते तर काल ते जिना चढले असते. हे एका दिवसात उतरलेलं दिसत नाही. रोज थोडं थोडं उतरलंय, आणि लिहिणाऱ्याला ते दिसत होतं."

त्याने डोळे मिटून घेतले.

बाहेर नणंद बाकावर न बसता जमिनीवर बसली होती. "मला काय ठाऊक वहिनी, मला काय ठाऊक," एवढंच म्हणत होती. टेपबाईला म्हणायचं होतं, तुझा दोष नाही. ते तिच्या तोंडून निघालं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला मास्क काढून थोडं बोलता आलं.

"पहिल्याच सकाळी एकशेऐंशी आला होता," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. डबी जिन्याखाली गेली असती, आणि तू घरी." तो थांबला, दोन श्वास जमवले. "एक जण बसलाय ना घरी. दोघांनी बसून काय करायचं."

"मला सांगायचं होतं."

"तुझ्या काखा पाहिल्या होत्या मी. कपडे वाळत घालताना हात वर केलास तेव्हा." पुन्हा दोन श्वास. "जागा राहिली ना तुझी?"

"राहिली."

त्या दिवशी ते खरं होतं.

जे गेलं ते परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उरलेलं जपायचं. तो घरी आला तो हवा देणाऱ्या यंत्रासकट. ते दिवसभर कोपऱ्यात घरघरत असतं.

ती दुकानात गेली, काहीही न लावता. मालकीणबाईंनी पंधरा दिवस गिऱ्हाइकं मास्तरांकडे वळवून बघितली. मास्तरांना बायकांची मापं जमेनात, बायकांना मास्तर जमेनात. सोळाव्या दिवशी मालकीणबाई तिच्यासमोर येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. त्यांना बोलायला लागू नये म्हणून तिनेच गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला.

"घेऊन जा गं, तुझाच आहे," काजवाली म्हणाली.

"दुकानाचा आहे," ती म्हणाली.

आता ती एका मोठ्या धुलाईघरात चादरी दाबाच्या यंत्रात घालते. तिथे वाफ इतकी असते की कुणाच्या अंगाचा वास कुणाला येत नाही, आणि एकमेकींचे चेहरेही नीट दिसत नाहीत. ती घरातून पूर्वीच्याच वेळी निघते, पूर्वीच्याच वेळी परत येते.

नवऱ्याला तिने सांगितलेलं नाही. जन्मात ती खोटं बोलली नव्हती. पण त्याने ज्या जागेसाठी छाती खर्च केली ती जागा गेली, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

"हाताला चटका कसला?" त्याने एकदा विचारलं.

"इस्त्रीचा."

संध्याकाळी ती जवळ बसली की तो विचारतो, आज कोण आलं होतं दुकानात. पहिल्या दिवशी तिने एक जाडा वकील रचला. माप घेताना पोट आत ओढून उभा राहिला, बायको म्हणाली, ओढा, ओढा, कोर्टातही असंच उभे राहणार आहात का. नवरा हसला. किती दिवसांनी हसला. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना, ओठ पुन्हा तसे झाले, आणि ती यंत्राचं बटण फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिची गिऱ्हाइकं शहाणी झाली. कुणाला पोट नाही, कुणाबरोबर बायको नाही. येतात, सरळ उभे राहतात, जातात. सकाळी देवापुढे ती आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाची माफी मागते, आणि वाटेत दुसरं रचते. गंमत मनात येतेच, बावीस वर्षांची सवय. घराचा जिना चढताना ती एकेक काढून टाकते.

"आज कोण आलं होतं?"

"एक शिक्षक. उंच होते."

तो थोडा वेळ वाट बघतो.

"काही बोलले?"

"नाही," ती म्हणते. "काहीच बोलले नाहीत."