पाठीवरचा हात

कपडे धुण्याचं मशीन फिरत असतानाच आजोबांनी त्याच्या झाकणावर तळहात टेकला आणि डोळे मिटले.

"बेअरिंग गेलंय," ते गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाले. "बंद कर ते."

कारखान्यातल्या आवाजानं त्यांचे कान हळूहळू गेले होते आणि आता तर काहीच ऐकू येत नव्हतं. यंत्रं मात्र हाताला अजून ऐकू यायची. लहानपणी त्यांची लेक डबा घेऊन कारखान्यात जायची, तेव्हा तिनं हे कितीदा तरी पाहिलं होतं. हात टेकायचा, थांबायचं. दुरुस्त होण्यासारखं असेल तर पाना मागायचा. नसेल तर हलकेच दोनदा थोपटून पुढच्या यंत्राकडे वळायचं. थोपटलेलं यंत्र भंगारात जायचं.

लेकीनं बटण दाबलं. घर एकदम शांत झालं.

"ए चिमणे, त्या मोबाइलमधून बाहेर ये! प्रार्थनेची वेळ झाली," आजोबांनी हाक मारली.

नात आली आणि त्यांच्या खुर्चीपुढे पाठमोरी बसली. प्रार्थना म्हणणाऱ्याच्या पाठीवर थोरल्यांचा हात, ही या घरातली जुनी रीत. नातीच्याच वयाची असताना लेकीनं तो हात झटकला होता. आई नुकतीच गेली होती. "तुमच्या देवाला माझं एक वाक्यही मिळणार नाही," असं ती ओरडली होती. त्यानंतर बापलेकीत वर्षभर अबोला होता. पुढे नात आपणहून बसायला लागली, तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला होता.

रोज या वेळी मशीन घरघरत असायचं. आज ते बंद होतं, म्हणून स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता लेकीचा हात थांबला. बाहेरच्या खोलीतून प्रार्थनेचा आवाजच येत नव्हता. तिनं दारातून वाकून पाहिलं. नातीचे ओठ हलत होते, नुसतेच.

नात पाणी प्यायला आत आली, तेव्हा लेकीनं तिचं मनगट धरलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"त्यांचे कान पुरते गेले तेव्हापासून. का गं?"

"निदान मोठ्यानं म्हण तरी!"

"कुणासाठी? आजोबांना ऐकू येत नाही, आणि दुसरं कोण आहे?" नात हसली. तिच्या हसण्यात राग नव्हता. "तू भांडलीस, कारण तुला वाटायचं कुणीतरी ऐकतंय. मला भांडावंसंही वाटत नाही, आई. पाच मिनिटं बसते, म्हातारा खूश. काय बिघडलं?"

"त्यांना कळलं तर?"

"कसं कळेल? उलट कौतुकच करतात. संपलं की पाठीवर दोनदा थोपटतात. रोज."

लेकीनं तिचं मनगट सोडलं.

"एवढं काय झालं?" नातीनं विचारलं.

"काही नाही. जा, अभ्यास कर."

बाहेरून आजोबांचा मोठा आवाज आला, "चिमणे, उद्याही वेळेवर बस गं!"

"हो, आजोबा!" नात सवयीनं ओरडली, मग स्वतःलाच हसली आणि दारातून त्यांना दिसेल अशी मान हलवून आपल्या खोलीत गेली.

लेक भाजीपाशी परतली. घरात कसलाच आवाज नव्हता. मग तिनं जाऊन मशीन पुन्हा सुरू केलं.